कानातली मोट

१८ ऑक्टोबर २०२४

आज दुपारी मोट ऐकू आली.

कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथं लिहितो. खतवाल्या दुकानदारानं पाडव्याला दिलेली ही डायरी कोरीच पडून होती. तिला आज काम मिळालं.

झालं असं की जेवून खाटेवर डाव्या कुशीला पडलो. कान उशीत रुतला आणि आतून आवाज आला. भस्स... भस्स... विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडात, मोट रिती होताना येतो ना, अगदी तसा. आधी वाटलं, माझा पोरगा योगीराज बोअर चालू करून गेला. उठून बघितलं तर लाईटच नव्हती. परत आडवा झालो, तर परत भस्स.

आमची विहीर जुन्या गावाच्या खालच्या अंगाला होती. वडील मोट हाकायचे आणि मी शाळेतून आलो की दारं धरायचो. एक वाफा भरला की मातीनं त्याचं तोंड बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं. हातात खोरं, तोंडात कविता. पुढं विजेची मोटर आली आणि कातडी मोट आढ्याला टांगली गेली. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं, मोट गेली, विहीरही आत ढासळली. सरकारनं नवं गाव वसवलं, ओळीत घरं दिली, घरांना नंबर दिले. विहिरीचं पुनर्वसन मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि आज एवढ्या वर्षांनी ती माझ्या कानात चालली. अर्धा तास ऐकत पडलो. फक्त बैल जरा घाईत वाटले. वडील इतक्या घाईनं कधी हाकत नसत.

२१ ऑक्टोबर

न राहवून बायकोला, मथुराला, सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

"कानात मोट चालती," म्हणालो.

"किडा गेला आसंल," ती म्हणाली. "कुठं बी बांधावर लोळताव."

लसूण टाकून तेल कढवलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन कानात दोन थेंब सोडले. तेल गरम, तिचा हात त्याहून गरम. मोट थांबली नाही, मला ते बरंच वाटलं. तशाच पडल्या पडल्या बिभीषण गुरुजींची कविता म्हटली. ही कुठल्याच पुस्तकात नाही. गुरुजींनी आमच्या वर्गासाठी स्वतः रचली होती, फळ्यावर लिहिली आणि घंटा झाल्यावर पुसून टाकली.

मोट चाले, पाट वाहे,
पुढे पुढे जा रे पाण्या;
कडेचा तो वाफा पाहे
वाट तुझी, रे शहाण्या.

"पन्नास वर्सं ऐकायलेय ही कविता," मथुरा म्हणाली. "त्या वाफ्याला अजून पाणी गेलं न्हाय का?"

२ नोव्हेंबर

दिवाळी. सूनबाईनं, वर्षाराणीनं, चकल्या उत्तम केल्या. मी जरा जास्तच खाल्ल्या, वर लिंबाचं लोणचं. दुपारी मोट जोरात.

हल्ली सकाळी उठलं की मानेची मागची बाजू जड असते. या वयात आठवणींचं ओझं वाहायला मानच पुढं येते, दुसरं काय. अंगणात उभा राहिलो तर डोळ्यांपुढं काळे ठिपके उडाले. चिमण्या म्हणून मी खुशीत होतो, कारण चिमण्या आताशा दिसत नाहीत. मथुरा म्हणाली, चिमणी एक बी न्हाय.

९ नोव्हेंबर

धोंडप्पानं घात केला.

धोंडप्पा माझा पहिलीपासूनचा सोबती. त्याला बीपीची गोळी चालू होऊन दहा-बारा वर्षं झाली, आणि बिडीनंतर त्याला गोळीइतका अभिमान कशाचाच नाही. शाळेत तपासणी होती, तिथं मला ओढत नेलं. नर्सबाईनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पाच मिनिटं शांत बसवलं. दुसऱ्या दंडाला लावलं. आकडा एकशे नव्वद आणि खाली एकशे दहा.

"बलभीम," धोंडप्पा म्हणाला, "येवढे मार्क तुला जन्मात पडले न्हाईत. गणितात तर पस्तीस गाठताना मास्तर दमला व्हता."

तिथूनच योगीराजनं मोटारसायकलवर घालून सास्तूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण आहे, बोलणं चोख. रक्त-लघवी तपासली, छातीची ईसीजीची पट्टी काढली, रोज सकाळी एक गोळी लिहून दिली आणि मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं. मी म्हणालो, मला काहीच दुखत नाही.

"तीच अडचण आहे, आजोबा. दुखत नाही म्हणून माणूस गोळी सोडतो. मग एक दिवस उठतो तेव्हा अर्धं अंग उठत नाही."

असं ती शांतपणे म्हणाली. मथुरा बरोबर नव्हती. योगीराजनं घरी येऊन तिला तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

मला मात्र मनातून वेगळंच वाटत होतं. आमचं शेत पाटाच्या शेवटाला. जन्मभर कमी पाण्याला, कमी जोराला रडलो. आणि अंगात बघावं तर जोर असा की काटा वर चढतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे काय वाईट? पण डॉक्टरणीपुढं हे बोललो नाही.

१० नोव्हेंबर

पहिली गोळी. खडूच्या तुकड्याएवढी, चवही खडूचीच. लहानपणी खडू खाल्ला म्हणून गुरुजींनी उभं केलं होतं. आता खाल्ला नाही म्हणून घर उभं करील.

१९ नोव्हेंबर

मान हलकी झाली. चिमण्याही गेल्या. नर्सबाईनं परत पट्टा बांधला, आकडा बराच उतरला. मथुरानं देवापुढं साखर ठेवली. योगीराज खूश, वर्षाराणी खूश, धोंडप्पा तर असा खूश की जणू गोळीचा कारखाना त्याचाच.

मोट थांबली.

दुपारी डाव्या कुशीवर पडलो. उजव्या कुशीवर पडलो. उशी दुमडली, उशी काढली. काही नाही. उन्हात रान निपचित पडतं तसं. एकदा वडील तापानं आठ दिवस आडवे होते, तेव्हा विहिरीवर असंच सुनं होतं. मी थारोळ्याच्या काठावर बसून राहिलो होतो.

घरात सगळे हसत असताना तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही. मीही हसलो.

२४ नोव्हेंबर

सकाळी मथुरानं गोळी हातावर ठेवली आणि चुलीकडं वळली. मी पाणी प्यालो. गोळी सदऱ्याच्या खिशात गेली.

एकच दिवस. बघू.

२८ नोव्हेंबर

आली. आज दुपारी आली. आधी लांबून, बांधापलीकडून यावी तशी, मग जवळ. भस्स... भस्स... मला लाज वाटत नाही लिहायला, डोळ्यांत पाणी आलं. वडिलांचा आवाजही मधून येईल असं वाटून श्वास धरून ऐकत राहिलो. तो आला नाही. पण मोट वडिलांशिवाय कोण हाकणार?

जाणतो मी, डॉक्टरीण काय म्हणाली ते. पण तिच्या मशीनला आकडा कळतो. मोट कळत नाही. थोडे दिवस ऐकतो आणि मग गोळी सुरू करतो. माझ्या हातातली गोष्ट आहे.

१ डिसेंबर

मथुरा सदरा धुवायला बसली होती. "खिशात पांढरं काय विरघळलंय?" म्हणाली.

"खडू," मी म्हणालो.

"खडू कशाला लागला तुमाला?"

"सापडला शाळेपाशी. गुरुजींच्या खिशात असायचा."

तिनं खिसा उलटा करून बोटानं चाचपला. मग सदरा बराच वेळ आपटत बसली. एवढा मळला नव्हता तो.

३ डिसेंबर

आता मथुरा गोळी हातावर देत नाही. "आ करा," म्हणते आणि जिभेवर ठेवते. मग तांब्या देते आणि तिथंच उभी राहते. लेकराला बाळकडू पाजल्यासारखं. मला गंमत वाटते. जिभेखाली जागा बरीच असते, हे तिला कुठं ठाऊक.

५ डिसेंबर

डाळिंबाच्या बागेत गेलो होतो. योगीराज वैतागलेला. ठिबकचा काटा चढलेला, मोटर गरम होऊन घुर्र घुर्र करतेय, आणि बांधाकडची शेवटची ओळ माना टाकून उभी.

"प्रेशर तर चांगलं आहे की," मी म्हणालो.

"दादा, काटा बघून काय करता? झाडं बघा." त्यानं नळीचं टोक सोडलं. आतून चुन्यासारखा चिखल पडला. मग कात्रीनं नळी कापून दाखवली. आतल्या अंगाला क्षाराचा थर बसून भोक निम्म्यावर आलेलं. आमच्या बोअरचं पाणी तसंच आहे, भांडीसुद्धा पांढरी पडतात. "वाट आवळली म्हणून काटा चढलाय. मोटर जीव तोडून ढकलती आन् कडेच्या झाडाला थेंब मिळंना. असंच चालवलं तर मोटर तरी जळंल न्हाय तर कुठंतरी नळी फुटंल."

वडिलांच्या मोटेला असली कटकट नव्हती. मातीचा पाट, पाणी दिसायचं, अडलं तर खोऱ्यानं मोकळं करायचं. यंत्र आलं आणि पाणी दिसेनासं झालं. याच्यावर गुरुजींनी छान कविता केली असती.

येताना बांधावर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. खोऱ्याची सवय गेली, त्याचं हे.

११ डिसेंबर

आज एक गोष्ट घडली, ती लिहावी की नाही कळत नाही. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पडलो होतो, डोळे मिटून मोट ऐकत. मथुरा आली, खाटेशेजारी खाली बसली आणि माझ्या छातीवर डोकं टेकवून निजली. मी हललो नाही. बराच वेळ तशीच होती. केसांना शिकेकाईचा वास.

तरुणपणी एवढ्या माणसांच्या घरात हे कधी जमलं नाही. म्हातारपणी माया वाढते म्हणतात, ते खरं असावं. काल पण अशीच निजली होती, आणि परवा पण.

१६ डिसेंबर

धोंडप्पा जेवायला होता. त्यानं आमटीचा घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, मीठ इसरलाव का माझ्यावर राग हाय?"

"समद्यांचंच कमी केलंय," मथुरा म्हणाली. "एकट्यासाठी येगळं केलं की ते दुसऱ्याच्या ताटात बोट बुडवतेत."

"गोळी घेतो का न्हाय हा?"

मी "घेतो की," म्हणालो. मथुरानं भाकरी थापता थापता हात थांबवला.

तो गेल्यावर म्हणाली, "उद्या सास्तूरला जाऊ. पुन्हा तपासू."

"येळवस झाल्यावर जाऊ."

"येळवशीला लई दिस हायेत."

"आता रानात कामं. येळवस झाली की दुसऱ्या दिवशी. शब्द."

येळवस हा आमचा रानातला सण, आणि आमच्याकडं सगळ्याच गोष्टी येळवशीनंतर होतात. सोयरिकी, भांडणं, दवाखाने. ती चुलीकडं बघत म्हणाली, "तुमचा शब्द लई गोड आसतो. कवितेतला आसतो."

मला ते कौतुकच वाटलं. आता लिहिताना वाटतं, नसावं.

२९ डिसेंबर

उद्या येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला सांगूनही कळत नाही की या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. कडब्याची खोप झाली. पाच दगडांना चुना लावला. घरात आंबील आंबतेय, तिचा वास अंगणापर्यंत. भज्जीसाठी वर्षाराणी आणि मथुरा भाज्या निवडत बसल्यात. जे जे रानात उगवतं ते ते तिच्यात पडतं. सज्जीचे, म्हणजे बाजरीचे, उंडे, तिळाच्या पोळ्या. मथुरा म्हणाली, आंबिलीत पण मीठ बेतानंच. मी म्हणालो, शेताला बीपी नाही.

तिला हसू आलं नाही.

डोकं दुखतंय. मोट आज थांबतच नाही, उभा राहिलो तरी ऐकू येते. बैल उधळल्यासारखे.

६ जानेवारी २०२५

अक्षर वाकडं आहे. डॉक्टर म्हणाले रोज थोडं लिहा, हाताला बरं. म्हणून डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

येळवशीला खोपीत पूजा झाली. मग आंबिलीचं मडकं उजव्या हातात घेऊन मी पिकाला वेढा घालायला निघालो. घरातल्या थोरल्यानं पुढं चालायचं, लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडायची आणि ते जुने बोल म्हणायचे, अर्धे कानडी अर्धे मराठी. अर्थ आजोबांनाही माहीत नव्हता. मागून योगीराज पाणी घेऊन. ज्वारी छातीला लागत होती.

पहिला बोल म्हटला. दुसरा म्हणायला गेलो आणि तो मिळेना. तोंडात होता, पण जिभेखाली काहीतरी अडकल्यासारखा. मग हातातलं मडकं हातात नाही एवढं कळलं. फुटल्याचा आवाज आला. पायावर थंड आंबील.

सगळे धावले. मडकं फुटलं म्हणून मला वाईट वाटत होतं, शेताचं ते. तसं सांगायला गेलो तर तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. मथुरानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचा रंग उतरला होता पण आवाज शाबूत होता.

"कविता म्हणा," ती म्हणाली.

मी बघत राहिलो.

"गुरुजींची. मोट चाले. म्हणा की. रोज डोकं खाताव."

मोट हा शब्द मला ठाऊक होता. समोर दिसत होती मोट. पण शब्द होईना. मथुरा योगीराजकडं वळली आणि एवढंच म्हणाली, "गाडी."

शेजारच्या शेतातल्यांची जीप होती, ताटं टाकून निघाले ते लोक. लातूरपर्यंत मथुरा मागं माझं डोकं धरून बसली होती. वाटेत दर थोड्या वेळानं, "मोट चाले. म्हणा." निलंग्याच्या फाट्याच्या अलीकडं की पलीकडं, मी "पाट वाहे" म्हणालो. बोबडं, पण म्हणालो. तेव्हा ती रडली. तोवर रडली नव्हती.

आज एवढंच. हात दुखतो.

८ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, हा इशारा होता. मेंदूकडं जाणाऱ्या बारक्या नळीत रक्त अडलं आणि थोड्या वेळानं परत वाहतं झालं. झालं म्हणून बोलतोय. दर वेळी होत नाही. बोटांत अजून थोडा अशक्तपणा आहे, तो जाईल म्हणाले.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, माझ्या अंगात प्रेशर एवढं जास्त होतं, मग रक्त कमी कसं पडलं?

ते वयस्कर आहेत, त्यांची औशाकडं शेती आहे. ते खुर्ची ओढून बसले. "बाबा, प्रेशर जास्त म्हणजे रक्त जास्त असं नसतं. तुमच्या बारक्या नळ्या आवळल्यात, त्यांच्या भिंती जाड झाल्यात. मोठ्या नळ्या कडक झाल्यात, पूर्वीसारख्या फुगून ढील देत नाहीत. तेवढंच रक्त पुढं न्यायला हृदयाला दुप्पट रेटा द्यावा लागतो. त्याची भिंत पण जाड झालीय तुमच्या, पट्टीत दिसतंय. आणि एवढं करून टोकाला, मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात, जिथं केसाएवढ्या नळ्या असतात, तिथं नीट पोचत नाही. नाहीतर रेट्यानं नळी फुटते."

योगीराज पायाशी उभा होता. तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. कापलेली नळी आम्हा दोघांनाही आठवली असणार. शेवटची ओळ माना टाकून उभी होती आणि मी म्हणालो होतो, प्रेशर चांगलं आहे की.

मग मी कानातल्या आवाजाचं विचारलं. मोट म्हणालो नाही, आवाज म्हणालो.

"रक्ताचाच आवाज तो. कानाजवळून मोठी नळी जाते. रेटा वाढला, वाट आवळली की प्रवाह खळबळतो. सगळ्यांना ऐकू येत नाही. तुम्हाला आला हे नशीब. तो गोळीनं थांबला होता का?"

"थांबला होता," मी म्हणालो.

"मग परत कसा आला?"

मथुरा मोसंबी सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. मी छताकडं बघितलं. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं गेले.

९ जानेवारी

काल पुढचं लिहिलं नाही, ते आज लिहितो.

डॉक्टर गेल्यावर मथुराला सगळं सांगितलं. मोट गोळीनं बंद पडली. मोटेसाठी गोळी सोडली. खिशात ठेवली, मग जिभेखाली. बैल आधी घाईत होते, नंतर उधळले, तेही सांगितलं.

ती बराच वेळ मोसंबीच्या शिरा काढत राहिली.

"बुजलेल्या हिरीच्या मोटंसाठी," शेवटी म्हणाली. "आन् मला काय मोट घेऊन बसायचं व्हतं का तुमच्या मागं?"

यावर माझ्याकडं कविताही नव्हती.

मग ती म्हणाली, "तुमाला आत्ता ऐकू आली व्हय ती? म्या लगीन झाल्यापासनं ऐकायलेय."

"काय?"

"मोट. तुमच्या छातीवर कान टेकला की. पहिल्या साली मला ह्या घरात झोप येत नव्हती, म्हायेरची याद यायची. मग कान लावून पडायचे. तुमी घोरत आसायचाव, तुमाला काय म्हाईत. आमच्या म्हायेरी पण मोट व्हती. तिच्याच आवाजात झोपायची सवय मला. तसंच वाजायचं. हळू, येका लयीत." तिनं एक फोड माझ्या तोंडात घातली. "ह्या डिसेंबरात बिघडली व्हती. म्हणून तर रोज दुपारी कान लावून बघत व्हते. खडू म्हणालाव तवाच कळलं व्हतं मला. पर जिभंखाली ठेवताव, हे न्हाय कळलं. एवढं लबाड न्हाय समजले तुमाला."

म्हणजे ती निजत नव्हती.

मी माया म्हणून लिहिलं होतं ते. आता वाटतं, तेवढं तरी बरोबर लिहिलं.

१० जानेवारी

धोंडप्पा भेटायला आला. दारातूनच म्हणाला, "मडकं फोडलंस शेताचं. वहिनी, भरून घ्या त्याच्याकडनं."

"शेताला यंदा जास्तच मिळालं," मथुरा म्हणाली. "समदं मडकंच पाजलं."

माझा हात हातात घेऊन तो बसला. जाताना म्हणाला, "सकाळी आठ वाजता घेत जा. मी पण आठलाच घेतो. दोघं आपापल्या घरी, पर संगंच."

१८ जानेवारी

संक्रांत झाली. तिळगुळाला बंदी नाही, मिठालाच आहे, हे एक बरं.

आता गोळ्या दोन आहेत, शिवाय रक्त पातळ राहायची एक. मथुरा जिभेवर ठेवते, मग बोटानं जीभ उचलून खालीही बघते. गुरुजींनीसुद्धा इतकी कडक तपासणी केली नव्हती. सास्तूरला डॉक्टरणीनं पट्टा बांधला. आकडा जागेवर यायला लागलाय. तिनं एकदाच माझ्याकडं रोखून बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी योगीराजबरोबर डाळिंबात गेलो, काठी घेऊन. त्यानं ॲसिड सोडून सगळ्या नळ्या धुवून काढल्यात. काटा खाली आलाय. मोटर चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागलं, इतकी शांत. शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेलो. दोन झाडं गेली, ती गेलीच. बाकीच्यांना तांबूस कोंब आलेत. बुडाशी माती ओली. मी वाकून बोट लावलं. उजव्याच हाताचं. गार लागलं. गार कळलं.

घरी येऊन पडलो. डाव्या कुशीला, मग उजव्या. कानात काही नाही. असणार नाही, आता त्याची सवय करायची. थोडं सुनं वाटतं, खोटं कशाला लिहू.

मथुरा आली. पदराला हात पुसले आणि खाटेशेजारी खाली बसली. या वेळी मी डोळे मिटले नव्हते. तिनं छातीवर कान टेकवला. वर्षाराणी अंगणात होती, तिनं आत बघितलं आणि कपडे वाळत घालायला परसात गेली, दोरी खरं तर अंगणात आहे.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"गप बसा. ऐकू द्या."

तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता. तिचा कान गरम होता. खूप वेळानं मी परत विचारलं, "कशी वाजते?"

"जशी वाजायची तशीच," ती म्हणाली. डोकं तिनं उचललं नाही. "बैल आता घाईत न्हाईत."